सक्करदऱ्याचा कागद कोणत्या कचेरीत?

नागपूरच्या सक्करदऱ्यातील एखाद्या घराखालच्या जमिनीची कहाणी एका कचेरीत मिळत नाही. ती जमीन कधीकाळी शेत असेल, तर तिचा माग मौजा सक्करदऱ्याच्या महसुली दप्तरात लागतो. तिच्यावर भूखंड पडले असतील, तर फाइल नागपूर सुधार प्रन्यासात असते. मोजणीचा नकाशा आणि आजच्या धारकाचे नाव नगर भूमापन कार्यालयात, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आणि घरटॅक्सची नोंद महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात मिळते. त्या घरात जन्मलेल्या आणि वारलेल्या माणसांच्या नोंदींची वाट वेगळीच आहे. माणूस यांपैकी ज्या दारात पहिल्यांदा जातो, तिथे त्याला बहुधा ‘हे आमच्याकडे नसते’ असे सांगितले जाते आणि पुष्कळदा ते खरेच असते. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी ठरवायचे ते एवढेच, की हवी असलेली नोंद त्या काळी कोणी आणि कशासाठी लिहून ठेवली असेल. याचे उत्तर बरोबर निघाले की अर्धे काम होते.

प्रत्येक दप्तरामागे त्याचा स्वतःचा हेतू असतो. सातबाऱ्याची व्यवस्था जमीन महसूल कोणाकडून घ्यायचा हे कळावे म्हणून उभी राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५७ अधिकार अभिलेखातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरते. पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याकडे मालकी होती की नाही याचा निवाडा तो करत नाही. महापालिका कर कोणाकडे मागायचा हे लिहिते, त्यामुळे टॅक्स पावतीवरचे नाव हा मालकीचा पुरावा ठरत नाही. नागपुरात घराच्या वादात टॅक्स पावत्यांचा गठ्ठा घेऊन फिरणारी माणसे नेहमी दिसतात. त्या पावत्यांवरून ताबा आणि वहिवाट दाखवता येते, हक्कासाठी मात्र दुसरे दप्तर उघडावे लागते.

विदर्भात ही गुंतागुंत जास्त आहे, कारण इथे राज्य बदलले तसे कागदही बदलले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. त्या आधीचे लेखन मोडीत आहे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क दिले. पुढची सुमारे नऊ दशके गाव मालगुजाराचे आणि रयत त्याची, अशी मांडणी राहिली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास नव्याने अधिकार अभिलेख तयार झाले. विदर्भात जमिनीचा मूळ धारक कोण, जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची, झुडपी जंगल होते की शेत, असा प्रश्न आला की तहसीलमध्ये पहिल्यांदा ‘चौपन्न-पंचावन्नचा अधिकार अभिलेख’ मागितला जातो, त्याचे कारण हे. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे त्या काळच्या कागदांत मराठीबरोबर हिंदीही भेटते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जमीन महसूल अधिनियम १९६६ चा असला, तरी तो लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ पासून. पुण्या-साताऱ्याकडचे हस्तपुस्तक वाचून नागपूरच्या कचेरीत गेलेला माणूस या टप्प्यांमुळे गोंधळतो. तिकडे सर्व्हे नंबर किंवा गट नंबर विचारतात, इकडे खसरा क्रमांक. तिकडचा तलाठी इकडे बोलण्यात पटवारीच राहिला आणि कागदावर अजून प.ह.नं., म्हणजे पटवारी हलका नंबर, लिहिला जातो.

याच इतिहासातून विदर्भाला आणखी दोन कागद मिळाले: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावातल्या सामायिक जमिनीवर गुरे कुठे चरतील, सरपण आणि लाकूड कुठून आणता येईल, माती-मुरूम कुठला घ्यायचा, हे निस्तार पत्रकात लिहिलेले असते. रस्ता, पाणी, मासेमारी यांचे रूढ हक्क वाजिब-उल-अर्जात असतात. १९६६ च्या अधिनियमाने कलम १६१ ते १६७ मध्ये विदर्भासाठी ही व्यवस्था जपली. शहरातल्या माणसाला हे कागद जुनाट वाटतील, पण वनहक्क कायदा २००६ साली आल्यावर पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांना सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी निस्ताराच्या नोंदी फार उपयोगी पडल्या. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या गावाने आपले जुने कागद वेळीच मिळवून ठेवले, त्याला दावा मांडणे सोपे गेले. सक्करदऱ्यात आता चराई नाही, तरी जुना तलाव, नाला, पांदण रस्ता किंवा सार्वजनिक जागा मूळ गावाच्या नकाशात कुठे होती हे पाहायचे, तर याच कागदांकडे वळावे लागते.

आता शेत संपून शहर सुरू झाले तिथली कागदपत्रे. सक्करदरा हे मूळचे वेगळे गाव. भोसल्यांचा तिथे राजवाडा होता. सूफी संत ताजुद्दीन बाबांचे वास्तव्य राजे रघुजीराव भोसल्यांकडे याच वाड्यात होते. शहर उमरेड रोडच्या कडेने सरकत गेले तसे गावाच्या शेतांवर ले-आउट पडले. त्या प्रत्येक तुकड्याची आजची ओळख आधी पटवावी लागते. सातबारा गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून होतो. सातमध्ये धारक आणि हक्क, बारामध्ये पीकपाणी. हक्कातला प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकाने उतरतो आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला दिसतो. हे वर्तुळातले आकडे म्हणजे मागे जाण्याच्या पायऱ्या. आजच्या सातबाऱ्यावरून शेवटच्या फेरफाराचा क्रमांक घ्यायचा, त्या फेरफाराची नक्कल काढायची, तीत ज्या खताचा, वारसाचा किंवा आदेशाचा उल्लेख आहे तो टिपायचा, आणि आधीच्या फेरफाराकडे जायचे. नवशिके एकदम ‘१९५० पासूनचे सगळे कागद द्या’ असे मागतात आणि अडकतात. उलट्या पावलांनी एकेक फेरफार मागणारा हळू जातो खरा, पण पोचतो.

शहराची मोजणी झालेल्या भागात सातबाऱ्याची जागा आखीव पत्रिका घेते; मुंबई-पुण्याकडे तिला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिच्यावर नगर भूमापन क्रमांक, शीट क्रमांक, क्षेत्र, धारणाधिकार आणि एकाखाली एक धारकांची नावे तारखेसह असतात. नागपुरात नगर भूमापन कार्यालये एकाहून अधिक असल्याने मौजा आणि शीट क्रमांक बरोबर असल्याशिवाय नक्कल सापडत नाही. इथे एक दोष वर्षानुवर्षे राहिला आहे: आखीव पत्रिका सुरू झाली तरी पुष्कळ ठिकाणी जुना सातबारा बंद झाला नाही. एकाच जमिनीची दोन जिवंत दप्तरे राहिली की नावे निराळी पडतात आणि फसवणुकीला जागा मिळते. म्हणून शहरालगतची जमीन तपासताना दोन्ही काढून शेजारी ठेवून वाचावीत. त्यातले एक पुरेसे आहे असे कोणी सांगितले तरी.

सक्करदऱ्यासाठी सर्वांत मोठे दप्तर मात्र नागपूर सुधार प्रन्यासाचे आहे. १९३६ च्या खास कायद्याने ही संस्था उभी राहिली. तिने जमिनी संपादन केल्या, रस्ते आखले, भूखंड पाडले आणि ते बहुतांशी तीस वर्षांच्या, नूतनीकरण होणाऱ्या भाडेपट्ट्याने दिले. सक्करदरा स्ट्रीट स्कीम ही त्यांतलीच एक. अशा भूखंडाच्या फाइलमध्ये वाटपपत्र, भाडेपट्टा, ताबा पावती, मंजूर नकाशा, भूभाड्याचा हिशेब, हस्तांतराची परवानगी, नूतनीकरण आणि कुठे कुठे फ्रीहोल्ड केल्याचा आदेश असे सगळे एकत्र सापडते. ही फाइल माणसाच्या नावाने किंवा घर क्रमांकाने लावलेली नसते. ती स्कीमचे नाव आणि भूखंड क्रमांक यांवर लावलेली असते. आजोबांचे नाव सांगून काही निघत नाही. जुन्या पावतीवरचा भूखंड क्रमांक सांगितला तर फाइल पुढे येते.

याच्या जोडीला नागपूरचा अगदी आपला असा एक प्रकार आहे. शेतजमिनीवर अकृषक परवानगी न घेता गृहनिर्माण संस्थांनी आणि विकासकांनी ले-आउट पाडले, हजारो कुटुंबांनी भूखंड घेतले आणि घरे बांधली. अशा ले-आउटांच्या आकड्यांवरून पडलेले ‘५७२ आणि १९०० ले-आउट’ हे शब्द नागपुरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा विकासाला नियमित होण्याची वाट दिली. भूखंडधारकाने अर्ज करायचा, मोजणी व्हायची, डिमांड भरायची आणि मग नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘आरएल’, मिळायची. बँकेचे कर्ज, नकाशा मंजुरी, विक्री या सगळ्यांत आज ती आरएल मागितली जाते. ती हरवली असेल तर दुसरी प्रत मागताना मौजा, खसरा क्रमांक, ले-आउट पाडणाऱ्या संस्थेचे नाव, भूखंड क्रमांक आणि डिमांड भरल्याची पावती यांपैकी जेवढे हाती असेल तेवढे सगळे द्यावे. गेल्या काही वर्षांत शहराच्या काही भागांचे नियोजनाचे अधिकार प्रन्यास आणि महापालिका यांच्यात इकडून तिकडे गेले आणि त्यांच्याबरोबर फायलीही हलल्या. एकाने ‘तिकडे पाठवली’ म्हटले तर पाठवल्याचे पत्र आणि जावक क्रमांक मागून घ्यावा. या एका सवयीने महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांच्या नोंदी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार ठेवल्या जातात. लोकांना ठाऊक नसते, पण स्थावर मिळकतीचे दस्त ज्या पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात ते आणि त्याची सूची कलम ५७ नुसार फी भरून कोणालाही पाहता येते. सूची क्रमांक २, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, मिळकतीवरून शोधायची. सूची क्रमांक १ नावावरून. दस्त घरच्या कपाटात नसला तरी गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक एवढ्यावर तो निघू शकतो. वर्ष पक्के नसेल तर मागचे-पुढचे वर्ष धरावे, कारण सही एका साली आणि नोंदणी पुढच्या साली असे होते. नोंदणीला कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे. अलीकडचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, जुन्यांसाठी कार्यालयातल्या सूचीची पाने उलटावी लागतात. मृत्युपत्रांचे पुस्तक वेगळे, क्रमांक ३. त्यातल्या नोंदीची नक्कल, मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत, फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कोणीही मागू शकतो.

माणसांच्या नोंदींकडे वळले की सक्करदऱ्याचा रहिवासी बहुधा शहराबाहेर जातो. या भागातली पुष्कळ कुटुंबे उमरेड, भिवापूर, कुही या बाजूंनी आलेली आहेत आणि आजोबांच्या जन्माची नोंद तिकडच्या दप्तरात पडून असते. इथे जिल्ह्याचा भूगोल ध्यानात ठेवावा लागतो. नागपूर जिल्ह्यात आज चौदा तालुके आहेत. १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरच्या वेळी तहसिली चारच होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल. म्हणून गाव आज भिवापूर तालुक्यात असले तरी त्याचे जुने दप्तर उमरेडला असू शकते. हेच जिल्ह्यांचेही. वर्धा १८६२ साली नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. नवी कचेरी झाली की चालू कामाच्या फायली तिकडे जातात, जुने बस्ते मात्र अनेकदा मूळ ठिकाणीच राहतात.

जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सर्वत्र सक्तीची झाली. घटनेनंतर २१ दिवसांत ती करायची. शहरात महापालिका आणि गावात ग्रामपंचायत निबंधकाचे काम पाहते. कलम १७ नुसार कोणीही नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही. त्याआधीच्या काळासाठी गावचा कोतवाल कामी येतो. गावात कोण जन्मले, कोण वारले, बापाचे नाव, जात, तारीख हे कोतवाल बुकात उतरत असे आणि ती बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात जात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर ही बुके बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे गेले आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी संकेतस्थळांवर टाकल्या. धूळ खात पडलेल्या दप्तराची किंमत इतक्या लोकांना एकाच वेळी कळण्याचा असा प्रसंग महाराष्ट्रात क्वचितच आला असेल.

जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कोतवाल बुकात नोंद मिळाली नाही तर शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरकडे जावे. पूर्वीच्या सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळांत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख एका ओळीत लिहिलेली सापडते. शाळा बंद पडली असेल तर तिचे दप्तर शिक्षण विभागाकडे किंवा जवळच्या शाळेकडे सोपवलेले असते. नागपूरच्या विणकर वस्त्यांमध्ये या रजिस्टरांचे मोल फार जाणवते, कारण हलबा-कोष्टी समाजाचा अनुसूचित जमातीचा दावा अशाच जुन्या नोंदींतील शब्दांभोवती दशकानुदशके फिरला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद प्रकरणात अनुसूचित जमातींच्या यादीतला शब्द जसा लिहिला आहे तसाच वाचायचा, असे ठरवले. त्यानंतर जुन्या रजिस्टरात लेखनिकाने नेमके काय लिहिले आहे, याला अनेक कुटुंबांच्या आयुष्यात विलक्षण वजन आले.

त्याहून जुन्या गोष्टींसाठी पुराभिलेख संचालनालयाचे नागपूरचे दप्तर आहे. मध्य प्रांताच्या कारभाराचे कागद तिथे पाहता येतात. एका घराच्या मालकीसाठी तिथे जाण्याची गरज सहसा पडत नाही. तलाव, मंदिर, इनाम, गावाची मूळ हद्द यांसाठी पडते. तिथले काम नकलेच्या खिडकीसारखे चालत नाही. अभ्यासक म्हणून परवानगी घ्यायची, सूची पाहायची, विभाग आणि वर्ष सांगून गठ्ठा मागवायचा आणि बसून वाचायचे.

कचेरी ठरली की अर्ज येतो. अनेकांना वाटते की सरकारी कागद म्हणजे थेट माहितीचा अधिकार. प्रत्यक्षात ज्या कागदाची नक्कल देण्याची रीतसर व्यवस्था आहे, तिथे साधा नकलेचा अर्ज लवकर फळतो. जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३२७ सांगते की सर्व नकाशे आणि भूमी अभिलेख, नियम आणि फी यांच्या अधीन राहून, कचेरीच्या वेळेत लोकांना पाहण्यास खुले असतील आणि मागणाऱ्याला प्रमाणित नकला दिल्या जातील. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर पुन्हा सही-शिक्क्याची गरज नसते. जुने स्कॅन केलेले अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सुविधेत पाहता येतात. सगळ्या जिल्ह्यांचे सगळे दप्तर तिथे नसते. न्यायालयातल्या कागदांसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागातच जावे लागते. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनी प्रत मिळत असेल तर ती माहिती अधिकाराने मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले आहे.

नकलेच्या खिडकीवर न मिळणारी गोष्ट म्हणजे फाइलच्या आतला भाग: टिप्पणी, शेरे, पत्रव्यवहार, पाहणी अहवाल, अर्जावर पुढे काय झाले. त्यासाठी माहितीचा अधिकार हेच खरे हत्यार आहे. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधी २००२ पासून राज्याचा स्वतःचा कायदा होता आणि त्यासाठी अण्णा हजारे यांनी आंदोलन केले होते. अर्जाला १० रुपये फी. ती कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमबदलानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. ही मर्यादा जाचक आहे, पण नीट लिहिलेल्या अर्जाला तेवढे शब्द पुरतात. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तर ३० दिवसांत; जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

अर्ज यशस्वी होतो तो मागणीच्या वाक्यामुळे. ‘माझ्या भूखंडाचे नियमितीकरण का झाले नाही?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नाही. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कारणमीमांसा, कायद्याने द्यायची असते ती कागदावर असलेली माहिती, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटले. तोच प्रश्न असा लिहावा: ‘मौजा सक्करदरा, खसरा क्रमांक अमुक, भूखंड क्रमांक अमुक यांच्या नियमितीकरणाच्या अर्जाची फाइल, अर्जाच्या तारखेपासून आजपर्यंतच्या टिप्पणीसह, आणि या अर्जावर दरम्यान काम केलेल्या अधिकाऱ्यांची पदनामे.’ आता ‘का’चे उत्तर टिप्पणीच्या पानावर आपोआप दिसते. कोणती पाने हवीत हे ठाऊक नसेल तर प्रती मागू नयेत, आधी फाइल पाहण्याची मागणी करावी. कायद्यात माहिती म्हणजे नुसत्या प्रती नाहीत; कलम २(ञ) मध्ये तपासणीचाही हक्क आहे, आणि पहिल्या तासाला फी लागत नाही. समोर बसून फाइल चाळताना हवी ती पाने खुणावून २ रुपये पानाने तेवढ्याच प्रती घेता येतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे परिपत्रक काढले. ही पद्धत पुणे महापालिकेत आधी रुजली होती. सगळ्या कार्यालयांत ती सारख्या उत्साहाने पाळली जात नाही, पण परिपत्रकाची प्रत हातात असली की बोलणे सोपे होते.

नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली आहे हे पाहावे. सर्वांत जास्त वापर होतो तो वैयक्तिक माहितीच्या अपवादाचा, कलम ८(१)(ञ) चा. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याच्या नोकरीच्या तपशिलांबाबतच्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा अपवाद रुंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा संबंधित भाग लागू झाल्यावर कलमाची भाषाच बदलली: वैयक्तिक माहिती, एवढेच शब्द उरले आणि ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ ही अट गेली. माहितीच्या अधिकारासाठी हा बदल नुकसानीचा आहे. तरी कलम ८(२) शिल्लक आहे; जाहीर करण्यातले सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. म्हणून दुसऱ्याच्या नावाशी जोडलेला कागद मागताना त्यातले सार्वजनिक हित अर्जातच एका वाक्यात लिहून ठेवावे. कारण देण्याची सक्ती नसली तरी इथे ते दिल्याने फायदाच होतो. शिवाय ज्या नोंदी दुसऱ्या कायद्याने आधीच सर्वांना खुल्या आहेत, जसे सातबारा, फेरफार किंवा इंडेक्स टू, त्या माहिती अधिकारात मागून नकार ओढवून घेण्यापेक्षा त्या त्या कायद्यानेच काढाव्यात.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिले अपील करायचे, त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे खंडपीठ नागपुरात असल्याने मुंबई गाठावी लागत नाही. दोन्ही अपिलांना महाराष्ट्रात प्रत्येकी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. विनाकारण उशीर केल्याचे ठरले तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, दंड होऊ शकतो. दुसऱ्या अपिलाला वेळ फार लागतो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहून तिथेच तपासणीची तारीख मागून घेणे शहाणपणाचे.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर सर्वांत अवघड. सरकारी कागदांना वर्गवारीनुसार आयुष्य असते: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क-१’ १० वर्षांचा, ‘क’ ५ वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. मुदत संपल्यावर कागद नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि त्याचा आदेश कार्यालयाकडे असायला हवा, तो मागावा. तसा आदेश नसेल तर कागद गहाळ झाला आहे आणि तो वेगळा मामला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये अभिलेखांच्या बेकायदा विल्हेवाटीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा कायदा अपिलात नुसता नमूद केला तरी पुष्कळदा शोध नव्याने सुरू होतो.

फाइल खरोखरच गेली असेल तर ती इतर दप्तरांवरून पुन्हा जुळवता येते, कारण एक व्यवहार एकाच वहीत राहत नाही. खरेदीखत फाटले तरी फेरफारात त्याचा क्रमांक आणि तारीख असते. फेरफार वही जीर्ण झाली तरी इंडेक्स टूमध्ये दोन्ही पक्षांची नावे असतात. प्रन्यासाची फाइल हरवली तरी डिमांडची रक्कम त्यांच्या हिशेबाच्या वहीत जमा झालेली असते, आणि भाडेपट्टा नोंदवलेला असेल तर त्याची प्रत दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये असते. या सगळ्या प्रमाणित प्रती एकत्र करून फाइलची पुनर्बांधणी करावी असा अर्ज संबंधित कार्यालयाला द्यावा आणि त्याच्या पोचपावतीवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्यावी; पुढची प्रत्येक विचारणा त्याच क्रमांकावर करावी लागते.